दाराकडे वळवलेल्या चपला

मालू, येत्या रविवारी तुझं पुण्यानुमोदन आहे आणि तुझ्या भावाने मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी लगेच हो म्हणून बसले. नाही तरी कसं म्हणणार? शाळेत कुणी निवृत्त झालं की मी बोलायचं, पाहुणे आले की मी बोलायचं, कुणी गेलं तरी मीच. तू म्हणायचीस, कुसुमला मयताची ओळख लागत नाही, नाव कळलं की भाषण तयार. आता तुझंच नाव आलंय. तीन दिवस झाले, वार्षिक परीक्षेचे पेपर बाजूला सारून मी कोरा कागद पुढे घेऊन बसते. ‘मालतीबाई हाडाच्या शिक्षिका होत्या’ असं एक वाक्य लिहिलं. मग माझंच मला हसू आलं, ते खोडलं, आणि मग रडू आलं.

तुझं शिक्षण, नोकरीची वर्षं, वडिलांची रेल्वेतली नोकरी, हे सगळं तुझा भाऊ सांगेल. मला लोकांना काही सांगायचंच नाहीये. मला तुला विचारायचंय. तू मला माफ करून गेलीस, की मनात ठेवून गेलीस? बस, एवढंच. बाकी सगळं जाऊ दे खड्ड्यात.

परवा तुझ्या शोभावहिनीने मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. पण ती लिहिण्याआधी मला पहिल्यापासून उजळणी करायला हवी. माझ्यासारख्या मठ्ठ बाईच्या डोक्यात एखादी गोष्ट एकदम शिरत नाही, हे तुझंच म्हणणं.

तर पहिल्यापासून. जळगावात घरमालकीण काकूंच्या माडीवरच्या दोन खोल्या. एका शाळेतल्या दोन बाया, मी मराठीची, तू चित्रकलेची. मी धुळ्याकडच्या खेड्यातली, रागावले की अहिराणीवर घसरणारी. तू भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली, रागावलीस की हिंदीवर जाणारी. त्यामुळे आपली भांडणं काकूंना खालून ऐकू आली तरी नीट कळायची नाहीत. पहिल्या दिवाळीनंतर तू भुसावळहून येताना तो छोटा काळापांढरा टीव्ही मांडीवर घेऊन आलीस, पॅसेंजरमध्ये उभ्या माणसांच्या गर्दीत. मी म्हटलं, याच्यापेक्षा कूलर आणला असतास तर पुण्य लागलं असतं. जळगावचा उन्हाळा आणि हिला टीव्ही सुचतोय.

रविवारी सकाळी तू गच्चीवर अँटेना धरून उभी राहायचीस आणि मी खालून ओरडायचे. आलं. गेलं. आलं आलं, तिथंच धर. मग तू धावत खाली यायचीस आणि ती जपानी मालिका सुरू व्हायची. हिंदीत बोलणारी, बशीएवढ्या डोळ्यांची ती माणसं. मी मेथी निवडत पाठ करून बसायचे. ही पोरांची चित्रं, यात बघायचं काय? असं मी एकदा म्हटल्यावर तू माझ्या हातातली मेथीची जुडीच काढून घेतलीस आणि मला टीव्हीसमोर बसवलंस.

गोष्ट साधीच होती. एका डोंगरावर एक म्हातारा दिवे लावायचा. दिवे विझले की खालून धुकं वर यायचं आणि माणसं गिळायचं. गिळलेलं माणूस नुसतं जायचं नाही, सगळे त्याला विसरूनही जायचे. नीरा नावाची एक मुलगी होती, तिची आई अशीच गेली होती आणि ती एकटीच आईला विसरली नव्हती. त्या दिवशी दिवा म्हाताऱ्याच्या हातून विझला होता, म्हणून तिचा त्याच्यावर दात. दिवे लावायला शिकते असं सांगून ती त्याच्या झोपडीत राहायला आली होती. खरा डाव असा की त्याचा मोठा दिवा पळवायचा आणि धुक्यात आईला शोधायला जायचं.

मी आपली संवाद ऐकायचे. कोण काय म्हणालं, कुणी कुणाला काय उत्तर दिलं. तू मात्र संवादांना हिंग लावून विचारायची नाहीस. बोलतात काय ते सोड, म्हणायचीस, ती उभी कुठे आहे ते बघ. पहिल्या काही रविवारी ती पोरगी नेहमी चित्राच्या कडेला असायची, आता पळून जाईल अशी. आणि म्हातारा? त्याचा चेहरा आपल्याला पूर्ण दिसायचाच नाही. कधी दाढी, कधी पाठ, कधी काठी धरलेला हात. मी म्हटलं, आळशी आहेत लेकाचे, अर्धाच काढतात. तेव्हा तू मला जे सांगितलंस ते मी नंतर बारा वर्षं वर्गात माझं म्हणून सांगितलं, हे आज कबूल करते. तू म्हणालीस, तिने त्याच्याकडे अजून नीट बघितलंय कुठे? तिला जेवढा दिसतो तेवढाच आपल्याला दाखवतात. आणि खरंच गं, जसजसे रविवार गेले तसतसा तो म्हातारा आपल्याला जास्त जास्त दिसायला लागला. आधी भुवया, मग हसताना पडलेला दात, मग त्याचा लंगडा पाय. कुणी एक शब्द बोललं नव्हतं, पण पोरगी बदलत होती.

तुला आठवतं, तू धुक्याचा रंगही ठरवून टाकला होतास? काळ्यापांढऱ्या टीव्हीवर. हिरवट आहे, शेवाळासारखं, म्हणायचीस. पुढे काकूंच्या भाच्याकडे आपण एक भाग रंगीत पाहिला तर धुकं चक्क जांभळं. तू बघितलंस, आणि त्यांच्या टीव्हीचा रंग बिघडलाय असं जाहीर केलंस. अशी तू.

मग तो रविवार आला. भाग सुरू झाला, आणि पाच मिनिटांत आवाज गेला. चित्र होतं, आवाज नाही. मी उठून बटणं पिरगाळायला लागले, टीव्हीच्या डोक्यावर दोन थापट्याही मारल्या. खालून काकूंनी ओरडून सांगितलं की सगळ्या गल्लीत गेलाय, केंद्रावरूनच गेलाय. तू माझा हात धरून खाली बसवलंस. आज खरी मजा येईल, म्हणालीस. आणि आपण दोघींनी तो सगळा भाग मुकाट पाहिला.

पहाट झालेली. म्हातारा भिंतीला टेकून झोपलेला. नीरा मोठा दिवा उचलते, दारापर्यंत येते आणि थांबते. दारात म्हाताऱ्याच्या गवती चपला पडलेल्या असतात, आत येताना काढल्या तशा, तोंड घराकडे. ती खाली बसते. चपला उचलते, फिरवते, जोडीने ठेवते, अंगठे दाराबाहेर. किती तरी वेळ पडद्यावर नुसत्या त्या चपला. मग ती मोठा दिवा परत त्याच्या उशाशी ठेवते, आपला लहान दिवा घेते, दारात वळून त्याच्याकडे बघते. तिचे ओठ हलतात. दोन अक्षरं. आणि ती धुक्यात जाते.

संपलं. मी म्हटलं, ‘जाते’ म्हणाली. तू म्हणालीस, ‘येते’ म्हणाली.

तिथून जे भांडण लागलं ते मेलं आजपर्यंत मिटलेलं नाही. पुढच्या रविवारी क्रिकेट होतं. त्याच्या पुढच्या रविवारी त्या वेळेला भलतंच काहीतरी सुरू झालं, आणि ती मालिका पुन्हा कधी लागलीच नाही. पोरगी परत आली की नाही, देव जाणे. माझं म्हणणं, गोष्ट सरळ आहे, ती आईला शोधायला कायमची गेली, म्हणजे ‘जाते’. तुझं म्हणणं, घरातून निघताना कुणी जाते म्हणतं का? त्यावर मला माझी आई आठवली. मी हॉस्टेलला निघाले की दारातून ओरडायची, ‘जास म्हनू नको वं, येस म्हन!’ पण तुझ्यापुढे मी ते कबूल करते की काय! मी म्हटलं, चपला बघितल्यास ना? दाराकडे तोंड करून ठेवल्या. आपल्याकडे पाहुण्याच्या चपला दाराकडे वळवून ठेवल्या म्हणजे काय? निघा आता, असं. म्हाताऱ्याला ती सांगतेय की तूही चालता हो.

तू कपाळावर हात मारून घेतलास. अगं आंधळे, तो लंगडा आहे. इतके रविवार आपण बघत नव्हतो का, तो सकाळी उंबऱ्यावर काठी टेकून उलटा फिरतो, पाठमोरा, आणि पायाने चपला चाचपतो? एकदा तर पडता पडता वाचला. तेव्हा ही पोरगी हसली होती. आज तिने त्याच्या चपला अशा ठेवल्या की त्याला फिरावं लागू नये, सरळ पाय घालून निघता यावं. जिने आजवर स्वतःच्या रागापलीकडे काही बघितलं नव्हतं तिला आज दुसऱ्याचा पाय दिसला. एवढंच दाखवायला त्यांनी अख्खा भाग खर्च केला, आणि तू म्हणतेस चालता हो!

मी हरायला थोडीच बसले होते. महिन्याभराने रविवारच्या पुरवणीत कुठेतरी वाचलं की जपानात चपला दाराकडे वळवून ठेवायचा रिवाजच असतो. मी ते कात्रण विजयी मुद्रेने तुझ्या ताटाशेजारी ठेवलं. बघ, नुसता रिवाज आहे, म्हटलं, कसलं माफ करणं आणि कसलं काय. तू कात्रण वाचलंस, भरिताचा घास घेतलास, आणि शांतपणे म्हणालीस की रिवाज असेल, पण पहिल्या भागात तिने पाळला नव्हता ना. मी रागाने तुला पुढची भाकरीच वाढली नाही.

काकू एकदा ऐकून ऐकून कंटाळल्या. म्हणाल्या, अहो बायांनो, ती पोरगी जपानी, बोलते हिंदी, आणि तुम्ही दोघी तिच्या तोंडात मराठी शब्द शोधताय, तुम्हाला वेड लागलंय का? इतके महिने भांडत होतो, पण ही गोष्ट एकीच्याही डोक्यात आली नव्हती. इतकं हसलो की तुला ठसका लागला. तरी दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर तू पुन्हा म्हणालीस, काही म्हण, ‘येते’च.

मग शाळेच्या जिन्यावरून मी पडले तो पावसाळा. गुडघ्याची वाटी सरकली. प्लास्टर निघालं तरी तो पाय पूर्ववत झाला नाही. सरळ चालायला काही नाही, पण पायरीवर उभं राहून वळायचं म्हटलं की गुडघा दगा देतो. डॉक्टरांनी सांगितलं की आता असंच राहायचं. तू त्याबद्दल कधी कीव केली नाहीस. जिना आला की माझ्याकडे न बघता कोपर पुढे करायचीस, आणि बोलणं चालूच ठेवायचीस. मी ते कोपर धरायचे. आभार मानल्याचं मला आठवत नाही.

आता पुढचं. हे लिहायचं टाळत होते, पण लिहिते.

मी पर्यवेक्षिका झाले. सगळ्यात आधी पेढे तू वाटलेस. वेळापत्रक करायचं काम माझ्याकडे आलं. दहावीचा निकाल खाली आला होता, मोठ्या बाई मागे लागल्या होत्या, गणिताला तास हवे होते. मी आठवी-नववीचे चित्रकलेचे दोन तास होते त्यातला एक काढून गणिताला दिला. तुला विचारलं नाही. रोज एका घरात जेवत होतो, पण विचारलं नाही. मनात कुठेतरी होतं की मालू काय, आपलीच आहे. तुला ते कळलं स्टाफरूमच्या फळ्याशेजारी वेळापत्रक लागल्यावर, सगळ्यांच्या देखत.

तू आरडाओरडा केला नाहीस. मला आधी सांगितलं असतंस तर मी आपण होऊन दिला असता, एवढंच म्हणालीस. खरं तर इथंच मी चुकलं म्हणायचं होतं. पण सगळ्या बाया बघत होत्या, माझ्या नवीन खुर्चीची मला नवलाई होती, आणि माझी जीभ ती काय. उचलली जीभ लावली टाळ्याला.

“चित्र बघायला काय शिकवायचं असतं गं? डोळे असले म्हणजे झालं.”

असं मी म्हणाले. तुला. जिने मला बघायला शिकवलं तिला.

तू रंगांची पेटी उचललीस आणि तासावर गेलीस. महिनाअखेर तू खोली सोडलीस, भावाकडे राहते म्हणालीस, भुसावळहून रोज पॅसेंजरने यायला लागलीस. टीव्ही मात्र नेला नाहीस. मी तुला थांबवायला हवं होतं. मी काय केलं, तर काकूंना सांगितलं की जाऊ द्या, दोन दिवसांत नाक मुठीत धरून येईल. तू नाही आलीस. आठ महिने आपण एका स्टाफरूममध्ये बसून ‘हजेरीपट आहे का’ आणि ‘हो, आहे’ एवढंच बोललो. तुझा आवाज बसलाय हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, भुसावळची धूळ आणि गाडीतला वारा. मला वाटलं, माझ्याशी बोलायचं नाही म्हणून हळू बोलतेय. बघ, तिथंही मला माझाच राग दिसत होता, तुझा गळा दिसला नाही.

मुंबईहून ऑपरेशन करून तुला आणलं तेव्हा तुझं स्वरयंत्र काढलेलं होतं. हे मला शिपाईमामांनी सांगितलं. मी त्याच दिवशी भुसावळ गाठलं. तू पाटीवर लिहून बोलायचीस, लहान मुलांची दगडी पाटी. तुझं अक्षर चित्रासारखं देखणं. मी येत राहिले, दर रविवारी. आपण सगळं बोललो गं. शाळेतल्या मुली, काकूंची संधिवाताची औषधं, नशिराबादजवळ पंक्चर झालेली माझी एसटी. फक्त तेवढं एक सोडून. दर वेळी मी गाडीत बसून वाक्य तयार करून यायचे आणि तुझ्या गळ्याची ती पट्टी बघितली की दुसराच विषय काढायचे. मनात यायचं, हिचा आवाज गेला आणि मी कसली माझ्या शब्दांची आरास मांडू?

शेवटच्या रविवारी मी ठरवून आले होते. आज बोलायचंच. घाईघाईत ओट्याच्या तीन पायऱ्या चढले, चपला कशाबशा काढल्या, एक इकडे, एक तिकडे, आणि आत आले. तुझा भाऊ होता, दोन पाहुणे होते. ते गेले तोवर तू डोळे मिटून घेतले होतेस. मी तुझ्या पायाशी बसून राहिले. झोपली असशील असं वाटून मी शोभावहिनीच्या मागे स्वयंपाकघरात गेले, चहा घेतला, थोडी रडले. ती चहाची भांडी घेऊन मागच्या मोरीकडे गेली, मी तिथेच बसून राहिले, आणि बऱ्याच वेळाने ती परत आली. गाडीची वेळ झाली तेव्हा पर्स घ्यायला तुझ्या खोलीत आले, तर तू जागी होतीस. दमलेली, घामाने भिजलेली. पाटी उशाशी होती. तू ती घेतली नाहीस. माझ्याकडे बघितलंस आणि तुझे ओठ हलले. दोन अक्षरं.

मला कळलं नाही. आणि मी काय केलं, तर नेहमीसारखं, कळल्यासारखं मान हलवून हो हो म्हटलं. पुन्हा सांग म्हणण्याचंही धाडस झालं नाही.

बाहेर ओट्यावर आले. माझ्या चपला पायरीच्या अगदी काठाशी जोडीने ठेवलेल्या. तोंड रस्त्याकडे. मला वाटलं, झालं, घरच्यांनी सांगितलंच, बाई निघा आता, पुरे तुमचं येणं. आणि मग एकदम वाटलं की तुझे ओठ तेच म्हणाले. जा तू. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि जळगाव येईपर्यंत ती दोन अक्षरं घोळवत राहिले. जा तू. जाते. येते. तिन्ही ओठांवर बसत होती. नवव्या दिवशी तू गेलीस. बुद्धवंदना झाली, सगळ्यांनी फुलं वाहिली, मीही वाहिली. तुझ्या तोंडाकडे मला बघवलं नाही. वाटलं, मी अजून तिथे उभी आहे हे तुला आवडत नसणार.

आणि परवा मी तुझ्या वहिनीला भेटायला गेले. निघताना तिला म्हटलं, शोभा, त्या दिवशी माझ्या चपला तू वळवून ठेवल्यास, मला समजलं होतं, मी जास्तच वेळ बसत होते. तेव्हा तिने सांगितलं.

“मी नाही हो बाई. मालूताई उठल्या होत्या. भिंत धरत धरत ओट्यावर आल्या. मी मोरीकडून घराच्या बाजूने धावत आले, म्हटलं मी ठेवते, तर हातानेच नको म्हणाल्या. खाली बसून ठेवल्या. मग खाटेवर आल्यावर मी विचारलं, एवढं काय अडलं होतं? तर पाटीवर लिहिलं, ‘गुडघा’. मला तर काहीच कळलं नाही.”

मी ओट्याच्या पायरीवरच बसले, मालू. शोभा घाबरली, पाणी आणायला धावली.

तुझ्या भावाच्या ओट्याला कठडा नाही. तीन पायऱ्या, आणि धरायला काही नाही. इतके रविवार मी तिथे चपला घालायला उलटी फिरत होते, भिंतीला हात लावून, आणि तू खाटेवरून खिडकीतून ते बघत होतीस. तुझं कोपर आता तिथवर येऊ शकत नव्हतं. म्हणून तू उठलीस. ज्या बाईला खाटेवर बसवायला दोन माणसं लागायची ती भिंत धरून ओट्यापर्यंत आली आणि जमिनीवर बसली.

तू मला सांगितलं होतंस. सगळं सांगितलं होतंस, आणि शब्दांत नाही, तर तुझ्या पद्धतीने, मला नीट शिकवलेल्या पद्धतीने. पहाटेच्या त्या भागातलं ते चित्र जसंच्या तसं माझ्यापुढे मांडलंस. आणि मी पुन्हा तेच वाचलं, चालती हो. एकदा चुकले ते समजू शकतं. पण उत्तर माहीत असूनही दुसऱ्यांदा चुकले. डोळे असले म्हणजे होत नाही गं. मी भर स्टाफरूममध्ये केवढं खोटं बोलले.

जूनच्या वेळापत्रकात आठवी-नववीला चित्रकलेचे दोन तास परत आहेत. मोठ्या बाईंना मी काल सांगितलं. त्या म्हणाल्या, निकालाचं काय? मी म्हटलं, बघू. पण त्याने काही फिटत नाही हे मला कळतं. ज्या नव्या बाई येतील त्या तू नसशील.

रविवारी मी येणार आहे. भावाला सांगणार आहे की मला बोलता येणार नाही. त्याला धक्का बसेल. लोक जमतील, तुझ्या शाळेतल्या मुली येतील, कॉलनीतले येतील, आत जागा पुरणार नाही आणि ओट्यावर चपलांचा ढीग पडेल. मी शोभाकडून एक स्टूल मागून घेईन, कारण मला खाली बसून उठता येत नाही. आत वंदना चालू असेल तेव्हा मी बाहेर बसेन आणि एकेक जोडी उचलून पायरीच्या काठाशी ठेवीन, अंगठे रस्त्याकडे. कुणाला वाटेल बाईंना वेड लागलं. कुणाला वाटेल बाई लोकांना लवकर घालवायला बघतायत. वाटू दे.

सगळ्यांच्या ठेवून झाल्या की माझ्याही ठेवीन. मग आत येऊन तुझ्या फोटोसमोर उभी राहीन आणि आधी जे इतके दिवस अडलं ते म्हणेन, चुकलं माझं, मालू. ते मोठ्याने म्हणेन, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यानंतरचं हळू. दोन अक्षरं, ओठांनीच, आवाज न करता. ती कुठली ते तुला बरोबर कळेल. तू जिंकलीस.